उगवत्या हरभऱ्यातला ससा

आमचे मामंजी वाघूर लावायचे. बांधावर जाळं ताणायचं, माळाकडून दोघातिघांनी हाकारत यायचं, की ससा थेट जाळ्यात. आता आमच्या घरात ते बंद आहे. रानससा मारणं, धरणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. फाशाची तार तर मी कुणालाच लावू देत नाही. शेजारच्या बांधावर अशाच तारेत आमची कुत्री अडकली होती. पाय वाचला, पण ती आजही लंगडते.

पण पीक राखावं लागतंच. आमचं रान नान्नजच्या माळाला लागून आहे. माळढोक अभयारण्य जवळ, त्यामुळं काळविटंही येतात. म्हणून आधी खाल्लं कुणी ते ओळखा.

सकाळी ऊन चढायच्या आत तासातून, म्हणजे पिकाच्या ओळींमधून, चाला. ससा रोप तिरकं कापतो, कोयत्यानं छाटल्यासारखं साफ. काळविटाला वरचे पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं, म्हणून टोक फाटकं दिसतं आणि मातीत खुरं उमटतात. सशाच्या लेंड्या गोल, जराशा चपट्या, वाळल्यावर भुसभुशीत. रोप कापून तिथंच आडवं पडलेलं असेल, तर सशाला दोष देऊ नका. जवळचं ढेकूळ उलटा, खाली वेटोळं करून बसलेली अळी सापडेल. त्याचा इलाज वेगळा.

सशाचा खरा त्रास उगवणीपासून महिनाभर. पुढं झाड फुटून पसरतं, थोडं खाल्लं तरी भरून निघतं. तेव्हा सगळा जोर याच महिन्यावर लावा.

कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी घ्या, 3 फूट रुंद, भोक इंचापेक्षा मोठं नको. खालची 6 इंच पट्टी रानाच्या बाहेरच्या बाजूला वाकवून मातीत दाबा. ही पट्टी विसरलात तर जाळी लावून उपयोग नाही. पहिल्या वर्षी मी ती नुसती उभी केली आणि तिसऱ्याच रात्री खालून वाट झाली. सगळ्या रानाला जाळी परवडत नसेल तर माळाकडची बाजू धरा आणि दोन्ही टोकं आत 25 पावलं वळवा. ससा वळसा घालून येतो कधीकधी, पण नुकसान बरंच कमी होतं. जाळी घालायच्या आधी बांधाकडंचं उंच गवत कापा. रानससा बीळ करत नाही, दिवसभर गवतात खळगा करून दबून बसतो. बसायची जागाच पिकाला चिकटून ठेवू नका.

कडेनं करडईचे तास घालायची आपली जुनी रीत चांगली आहे, पण काटे उशिरा येतात. कोवळी करडई ससा आवडीनं खातो. गुरं अडवायला ती कामाची, सशासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका. बुजगावण्याला दोनचार रात्रींत सरावतात. विषारी आमिष टाकू नका. ते मोर खातो, कुत्रं खातं, आणि गुन्हा होतो तो वेगळाच.

डाळिंबाची नवी लागण असेल तर उन्हाळ्यात जपा. माळावर हिरवं काही उरत नाही तेव्हा ससा कोवळ्या खोडाची साल कुरतडतो. साल सगळीकडून गेली की रोप गेलंच. प्रत्येक रोपाभोवती 2 फूट उंच जाळीची नळी करा, खोडापासून चार बोटं लांब, आणि काठीला बांधा.

गवत कापताना पिल्लू दिसलं तर उचलू नका. सशाचं पिल्लू जन्मतःच केसाळ, डोळे उघडे असतात, आणि ते एकटंच गपगार पडून राहतं. आईनं टाकलेलं नसतं, ती अंधारात येऊन पाजते. चटईएवढं गवत तिथं तसंच उभं ठेवा आणि कुत्र्याला घरी बांधा. मी चारपाच दिवसांनी जाऊन बघते, पिल्लू हललेलं असलं की मग तेवढं गवत कापते.