जास्त स्पीडचा प्लॅन घेण्याआधी या चुका टाळा

व्हिडिओ कॉल मध्येच गोठतो, सिनेमा ऐन रंगात येतो आणि स्क्रीनवर चक्र फिरायला लागतं. मग घरात कोणीतरी म्हणतंच, "आता स्पीड वाढवूनच घेऊ." बऱ्याचदा हा उपाय आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा ठरतो. कंपनीच्या यंत्रणेपासून तुमच्या हातातल्या फोनपर्यंत इंटरनेट तीन-चार टप्प्यांतून येतं, आणि नवा प्लॅन त्यातला एकच टप्पा रुंद करतो. घोटाळा दुसऱ्या टप्प्यावर असेल तर वाढतं ते फक्त बिल.

वायफायवर स्पीड मोजणं

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. बेडरूममध्ये फोनवर टेस्ट केली, १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) प्लॅनवर ३० दिसले, म्हणून ३०० चा प्लॅन घेतला. दुसऱ्या दिवशी बेडरूममध्ये पुन्हा ३०च. कारण ते ३० वायफायचे होते.

आधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा आणि बाकीची उपकरणं बंद करून मोजा. केबलवर प्लॅनइतका आकडा येत असेल तर बाहेरून येणारी लाइन ठणठणीत आहे. मग राउटर कुठे ठेवलाय ते बघा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात, आरशाच्या किंवा माशांच्या टाकीच्या आड असेल तर आधी तिथून हलवा. धातू आणि पाणी वायफायचे शत्रू आहेत. फोन वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झवर अडकलाय का तेही तपासा. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे लहरींच्या वेगळ्या वाटा, जेमतेम तीन, १, ६ आणि ११. शेजारपाजारचे सगळे राउटर तिथेच दाटीवाटीने बसलेले असतात, शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्‌झवर जागा भरपूर मिळते, पण भिंतींपुढे तो लवकर दमतो. मोठ्या घरात दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी पेटी) केबलने जोडून बसवला, तर जो फरक पडतो तो प्लॅन दुप्पट करूनही पडत नाही.

९४ वर अडलेला आकडा

माझ्याच घरचा अनुभव सांगतो. १०० चा प्लॅन ३०० केला, पण केबल लावूनही टेस्ट ९४ च्या पुढे हलेना. दोन दिवस मी कंपनीला फोन करत होतो आणि दोष निघाला माझ्या भिंतीतून गेलेल्या केबलमध्ये. इथरनेट केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोन पुरतात, गिगाबिटला (१,००० एमबीपीएस) चारही लागतात. एखादी तार कनेक्टरमध्ये नीट बसली नसेल, तर दोन्हीकडची उपकरणं काही न सांगता १०० वर उतरतात. डेटा ज्या छोट्या पाकिटांतून जातो त्यांचं वेष्टन त्यातून वजा केलं की उरतात साधारण ९४-९५. जुन्या राउटरचे पोर्ट मुळातच १०० चे असतात, तिथेही हाच आकडा दिसतो. तो दिसला की आधी केबल आणि पोर्ट तपासा, प्लॅनकडे नंतर वळा.

मेगाबिट आणि मेगाबाइट एकच समजणं

प्लॅन मेगाबिटमध्ये सांगतात, डाउनलोडच्या खिडकीत बहुधा मेगाबाइट दिसतात. आठ बिट म्हणजे एक बाइट, त्यामुळे १०० च्या लाइनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट आले तर सगळं बरोबर चाललंय.

उपकरणं मोजून प्लॅन ठरवणं

घरात वीस उपकरणं जोडलेली असली तरी त्यातली बहुतेक झोपलेली असतात. हिशोब करायचा तो एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा. एचडी सिनेमाला साधारण ५ एमबीपीएस लागतात, ४केला १५ ते २५, चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला ३-४. दोन टीव्हींवर ४के आणि दोन खोल्यांत कॉल धरले तरी बेरीज ६० च्या आत राहते. वेबपेज उघडण्याचं तर गणितच वेगळं. तिथे वेळ जातो तो तुमचं उपकरण आणि वेबसाइटचा सर्व्हर यांच्यातल्या छोट्या छोट्या फेऱ्यांमध्ये. गूगलमधल्या माइक बेल्शे यांनी २०१० मध्ये केलेल्या मोजणीत ५ वरून १० एमबीपीएसवर गेल्यावर पेज उघडण्याच्या वेळेत जेमतेम ५ टक्के सुधारणा दिसली होती.

गेम खेळणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. सर्व्हर ५,००० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन किमान ५० मिलिसेकंद जाणारच, प्लॅन कितीही मोठा असो.

अपलोडकडे दुर्लक्ष

जाहिरातीत मोठ्या अक्षरात डाउनलोडच असतो. पण कॉलवर तुमचा चेहरा समोरच्याला दिसतो तो अपलोडवर, आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, फोटोंचा बॅकअप हेही तिथूनच जातं. १० एमबीपीएस अपलोडवर २० जीबीचा बॅकअप चढायला साडेचार तास लागतात, आणि तेवढा वेळ घरातले सगळे कॉल तुटत राहतात. राउटर किंवा मोडेम आलेली पाकिटं लांबच लांब रांगेत उभी करतो आणि तुमच्या आवाजाचं पाकीट त्या रांगेच्या शेवटी अडकतं. याला बफरब्लोट म्हणतात.

ओळखायचं कसं? लाइन मोकळी असताना पिंग (पाकीट जाऊन परत यायला लागणारा वेळ) बघा, मग मोठी फाइल अपलोडला लावून पुन्हा बघा. १५ मिलिसेकंदांचा ३०० झाला तर दुखणं सापडलं. राउटरमध्ये एसक्यूएमची, म्हणजे ही रांग आटोक्यात ठेवण्याची, सोय असेल (एफक्यू-कोडेल किंवा केक या नावानेही ती सापडते) तर ती चालू करा आणि वेगमर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या स्पीडच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा. थोडा वेग जातो, पण कॉल सुधारतात. माझ्या मते घरच्या इंटरनेटवरचा हा सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे.

फक्त संध्याकाळी रडणारी लाइन

सकाळी केबलवर पूर्ण स्पीड आणि रात्री नऊला निम्मा, असं रोज होत असेल तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. जीपॉन प्रकारच्या, म्हणजे एकच लाइन अनेक घरांत वाटणाऱ्या, फायबरमध्ये डाउनलोडचे सुमारे २.५ गिगाबिट बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, आणि पुढचा रस्ताही सामायिकच असतो. मोठा प्लॅन घेतला तरी गाडी त्याच कोंडीत उभी राहते. आठवडाभर वेळेसकट आकडे लिहून ठेवा आणि तक्रार करा.

मग वाढवायचा कधी?

घरात सगळ्यात जास्त वापर असतो तेव्हा राउटरच्या सेटिंगच्या पानावरचा ट्रॅफिकचा आलेख उघडा. रेष प्लॅनच्या मर्यादेला वारंवार टेकत असेल आणि बराच वेळ तिथेच राहत असेल, तर खुशाल वाढवा. मोठ्या फाइली रोज उतरवणाऱ्यांनाही फायदा होतो. १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास घेतो, ३०० वर पाऊण तास. पण वर्षातून दोनदा उतरवायचा असेल तर तो रात्री लावून झोपा. गिगाबिटच्या मोहात पडण्याआधी फोनची कुवतही बघा. दोन अँटेनांचा वायफाय ५ फोन ८०० च्या पुढचा लिंक स्पीड (राउटरशी जुळलेला कागदावरचा वेग) दाखवतो, प्रत्यक्षात हातात ५००-६०० पडतात, तेही राउटरच्या खोलीत.

नवा प्लॅन सुरू झाला की त्याच लॅपटॉपवर, त्याच केबलने, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा मोजा आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहा. फरक दिसला नाही तर पहिल्याच आठवड्यात ती नोंद कंपनीपुढे ठेवा आणि जुन्या प्लॅनवर परत जाता येतं का ते विचारा.