टेबलावर भयरान मांडताना आधी पाणी, मग भुते

रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडू एकेक पात्र होऊन गोष्टीत उतरतात आणि गेम मास्टर ती गोष्ट चालवतो. अशा गेमसाठी स्वतःचे भयरान, म्हणजे भीतीचे रान, तयार करायचे ठरले की बहुतेक गेम मास्टर आधी भुतांची यादी करतात. वीस-पंचवीस नावे सहज जमतात. खेळाडू मग एकेकाला लोळवत सुटतात आणि तिसऱ्या सेशनपर्यंत, म्हणजे खेळाच्या तिसऱ्या बैठकीपर्यंत, भीती पार विरते. रान भयाण वाटायचे असेल तर तिथे पाय ठेवल्यापासून काहीतरी संपत गेले पाहिजे. खान्देशात ते काहीतरी म्हणजे पाणी. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला प्रत्येकाने सोसलेला असतो, त्यामुळे तहान टेबलावर समजावून सांगावी लागत नाही. बर्फाळ अरण्ये उसनी आणू नका, सातपुडा घ्या.

नकाशा

ए-थ्री कागदावर आडवे १२ आणि उभे ८ असे ९६ चौकोन आखा. वरच्या दोन ओळी डोंगरमाथ्याच्या. त्याखालच्या तीन ओळींत साग, अंजन, सालई, धावड्याचे उतार. सहावी ओळ पायथ्याच्या दगडगोट्यांची, सातवी काळ्या जमिनीची, म्हणजे शेते आणि केळीच्या बागा. आठवीत तापी आणि तिच्या काठच्या घळी. एक चौकोन म्हणजे एका तासाची चाल. सपाटीवर त्या तासात अंतर जास्त कापले जाते, चढावर कमी, पण चौकोन तेवढाच ठेवा म्हणजे खेळताना हिशेब अडत नाही. तिरके जाता येत नाही.

सगळ्यात जास्त चुका सहाव्या ओळीत होतात. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांचे पाणी पायथ्याच्या गोट्यांच्या जाड थरात मुरते आणि उन्हाळ्यात पात्र कोरडेठाक पडते. नवखा माणूस नदी वरपासून तापीपर्यंत सलग निळी काढतो. मग खेळाडू नदीच धरून चालतात, पाण्याचा प्रश्न मिटतो आणि रानही तिथेच संपते. पाचव्या ओळीपर्यंत निळी रेघ, सहावीपासून नुसते ठिपके, असे काढा. तिसऱ्या ते पाचव्या ओळीत नदीपात्रात झिरा खोदला तर तासाभराने दोन खुणा पाणी मिळते (खूण म्हणजे खेळात पाणी मोजायचे माप). सहावीत कितीही खोदले तरी वाळूच.

कायमचे पाणवठे फक्त पाच ठेवा. तीन नकाशावर दाखवा, दोन शोधायला लावा. त्यातला एक चोपड्याकडच्या उनपदेवासारखा गरम पाण्याचा करा: पाणी भरपूर, पण निवेपर्यंत एक तास जातो.

पाण्याचा हिशेब

प्रत्येक खेळाडूच्या पात्राकडे सुरुवातीला पाण्याच्या ६ खुणा. दिवसा चौकोनामागे एक खूण खर्च होते, रात्री दोन चौकोनांमागे एक. सातव्या ओळीतल्या गावापासून माथ्यावरचा पडका किल्ला ९ चौकोनांवर ठेवा. दिवसा निघाले तर ३ खुणा कमी पडतात. रात्री निघाले तर ५ खुणांत भागते. म्हणजे ऊनच त्यांना अंधारात ढकलते, तुम्हाला काही करावे लागत नाही.

रात्री दर चौकोनाला सहा बाजूंचा एक फासा टाका. १ पडला की रानातल्या एखाद्या जिवाशी गाठ पडली. ९ चौकोनांत निदान एकदा गाठ पडण्याची शक्यता सुमारे ८० टक्के होते. १ आणि २ दोन्हीवर गाठ धरली तर तीच ९७ टक्क्यांवर जाते आणि चार-पाच चौकोनांतच खेळाडू गावाकडे वळतात, म्हणून तो मोह टाळा. दिवसा दोन फासे टाका, दोन्हीवर १ आले तरच गाठ. ती शक्यता ९ चौकोनांत २२ टक्क्यांच्या आसपास राहते.

रानातले जीव

तीन-चार पुरेत. प्रत्येकाला एक जागा, एक वेळ, एक खूण आणि एक तोड द्या. खूण आधी दिसली नाही तर खेळाडू मेल्यावर भांडतात, आणि त्यांचे बरोबर असते.

चकवा सोपा आहे. तो मारत नाही, फिरवतो. खेळाडू उत्तर म्हणतील तेव्हा तुम्ही पडद्याआडच्या नकाशावर त्यांना पूर्वेला न्या. दोन चौकोनांनंतर तेच दुभंगलेले अंजनाचे झाड पुन्हा समोर आणा. तोड लोकांना ठाऊक असलेलीच: जागच्या जागी बसायचे आणि उजाडू द्यायचे. पण उजाडले की ऊन सुरू. चकव्याच्या गाठीचा फासा उघड्यावर टाकू नका, नाहीतर गुपित तिथेच फुटते. इशारा शिरपूरकडच्या एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडून अहिराणीत द्या: “रातले जाऊ नका भो, तठे चकवा शे.”

हडळीचे पाय उलटे. उतारावरच्या पायवाटेच्या फुफाट्यात उमटलेला एक ठसा वर्णन करून सांगा: बोटे झिऱ्याकडे, टाच गावाकडे, चवड्याजवळ धूळ अजून बसलेली नाही. खेळाडू समजतात ती झिऱ्याकडे गेली. ती गेलेली असते गावाकडे. बाळंतपणात मेलेली बाई आहे ती, तिला नुसते तलवारीचे गिऱ्हाईक करू नका. तिचे काय राहून गेले ते शोधण्यात दोन सेशन सहज जातात.

तिसरा जीव आपण घडवलेला, कांडोळ्या. कांडोळाचे झाड उन्हाळ्यात निष्पर्ण असते आणि त्याची पांढरी, सोललेली साल चांदण्यात माणसासारखी दिसते. त्याला चीर दिली की डिंक येतो आणि तो डिंक पाणी शोषून फुगतो. या दोन खऱ्या गोष्टींवर सगळा जीव उभा राहतो. एका चौकोनात ७ कांडोळ लिहा. दिवसा जाताना “सात पांढरी झाडे” एवढेच सांगा. रात्री परतताना “आठ” म्हणा आणि गप्प बसा.

त्याची ताकद १२. वार लागला की खेळाडूने फासा टाकायचा. १ किंवा २ आला तर हत्यार डिंकात अडकते आणि ओढायला दोघे लागतात. तो शिवला की दर डावाला पाण्याची एक खूण जाते आणि त्याची ताकद ३ ने वाढते. म्हणजे पाणी वाचवून ठेवणाराच जास्त धोक्यात येतो. तोड राखेची: जखमेत राख भरली की डिंक सुकतो आणि वाढ थांबते. गावात डिंक गोळा करणारी बाई हाताला राख चोळताना आधीच दाखवून ठेवा.

कोणीतरी आग लावणारच, त्यासाठी वणव्याचा नियम तयार असू द्या. चढावर तासाला दोन चौकोन, आडवी एक, उतारावर दोन तासांत एक. माणूस तासाला एकच चौकोन चालतो, म्हणजे वर पळणारा सापडतो आणि खाली पळणारा सुटतो.

काय मारायला ठेवू नये

अट्रावलचा मुंजोबा, डोंगरातल्या पाड्यांचा वाघदेव, पाणवठ्यावरच्या साती आसरा ही पुजली जाणारी दैवते आहेत. त्यांना ताकदीचे आकडे देऊ नका. त्यांच्या ठाण्याजवळचे दोन चौकोन गाठीविना ठेवा, तिथे फासाच नाही. अस्तंब्यावर अश्वत्थामा जखमेसाठी तेल मागत फिरतो ही श्रद्धाही तशीच जपा. तेल मागणारा कोणी भेटलाच तर त्याच्याशी लढाई नसावी, फक्त तेल द्यायचे की नाही एवढाच प्रश्न असावा.

पहिल्या सेशनआधी एकट्याने दोनदा चालून बघा, एकदा दिवसा, एकदा रात्री. किल्ल्यावर पोचताना कोणाकडेही २ पेक्षा जास्त खुणा उरत असतील तर एक पाणवठा खोडा. कोणीच पोचत नसेल तर चौथ्या ओळीत एक झिरा वाढवा, गाठीचा फासा मात्र तसाच ठेवा.