गरजू मुलांसाठी घर उघडू पाहणाऱ्या नव्या मिशनरींना

सेवाक्षेत्रात नव्याने आलेल्या बऱ्याच दांपत्यांच्या मनात पहिल्या वर्षभरातच हा विचार येतो की आपल्या घरात जागा आहे, बाहेर आसरा नसलेली मुले आहेत, मग आपण दार का उघडू नये? अनाथांचा त्यांच्या संकटात समाचार घ्यावा, ही याकोबाच्या पत्रातली शिकवण ज्यांना मनापासून भिडली आहे त्यांना मी कधीही मागे खेचणार नाही. आम्ही पतिपत्नींनी बरीच वर्षे हेच काम केले आणि ते करण्याजोगे आहे असे मी आजही ठामपणे म्हणेन. मात्र दारात आलेले मूल आधीच कुणाचे तरी असते, आणि त्या नात्याचा धागा आपल्या हातून तुटू नये ही जबाबदारी त्याला जेवूखाऊ घालण्याइतकीच मोठी आहे. या कामातले बहुतेक निर्णय शेवटी या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात, म्हणून सुरुवातीलाच ती सांगतो.

ज्यांना आपण सहजपणे अनाथ म्हणतो त्यांच्यापैकी अनेकांची आई किंवा वडील हयात असतात, आणि दोघेही नसले तरी आजी, मामा, मोठी बहीण असे कुणीतरी असते. आजारपण, कर्ज, दारू, युद्ध किंवा स्थलांतर यांमुळे घर विस्कटलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या, म्हणजे मूल स्वतःच्या घराबाहेर वाढवण्याच्या, मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की केवळ गरिबी हे मुलाला कुटुंबापासून वेगळे करण्याचे एकमेव कारण कधीही असू नये, आणि सख्ख्या भावंडांची ताटातूट शक्यतो होऊ देऊ नये. म्हणून कुणी मूल घेऊन आले की मी आधी विचारतो, या घराला नेमके काय मिळाले तर हे मूल तिथेच राहू शकेल? कधी उत्तर शाळेच्या शुल्कात असते, कधी आईच्या औषधोपचारात, कधी गळक्या छपरात. अशी मदत करून मूल घरीच राहिले, तर आपल्या घरातील पलंग रिकामा राहिला याची खंत मुळीच बाळगू नये.

ज्या देशात तुम्ही सेवा करता तिथल्या बालकल्याण यंत्रणेच्या लेखी आदेशाशिवाय एकही मूल रात्रीपुरतेसुद्धा ठेवून घेऊ नका. अगदीच आणीबाणी असेल तर त्याच घटकेला यंत्रणेला कळवा आणि कळवल्याची नोंद ठेवा. एखाद्या नातलगाने विश्वासाने मूल सोपवले म्हणून त्याचा ताबा आपल्याला मिळत नाही, आणि पाळकांची चिठ्ठी हा कायदेशीर कागद नव्हे. आपला हेतू चांगला आहे म्हणून तपासणी नको, असे ज्यांना वाटते त्यांनी या कामात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातील प्रत्येक प्रौढाची, पाहुण्यांचीही, पार्श्वभूमी तपासली जावी. कोणताही प्रौढ मुलासोबत बंद दाराआड एकटा राहणार नाही, हा नियम लिहून सर्वांना वाचून दाखवावा, आणि मुलाने तक्रार करायची तर ती घराबाहेरच्या कोणत्या व्यक्तीकडे करावी हे त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावे.

घरगुती संगोपनाचे मोल आता केवळ श्रद्धेचा विषय राहिलेला नाही. रुमानियातील बुखारेस्ट शहरात २००० साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात बालगृहांतील १३६ लहान मुलांचे दोन गट केले गेले. एका गटाला पालक कुटुंबांत, म्हणजे मूल सांभाळण्यास तयार असलेल्या दुसऱ्या कुटुंबांत, ठेवले आणि दुसऱ्या गटाची व्यवस्था नेहमीप्रमाणे चालू राहिली. कुटुंबात वाढलेल्या मुलांची प्रगती अधिक चांगली झाली, आणि जी मुले साधारण दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात आली त्यांच्यात जिव्हाळ्याचे नाते जोडण्याची क्षमता विशेष दिसली. एकच माणूस रोज उठवतो, तोच जेवू घालतो, तोच झोपवतो, यातून ती क्षमता तयार होते. म्हणूनच दोन आठवड्यांसाठी येणाऱ्या स्वयंसेवकांच्या मांडीवर मुले बसवू नयेत. त्यांना स्वयंपाकात, दुरुस्तीत, हिशेबात मदत करू द्यावी. मुलांची माया ओढून घेऊन पंधरा दिवसांनी निघून जाणारी माणसे या मुलांनी आधीच पुष्कळ पाहिलेली असतात.

पहिल्या काही महिन्यांत मूल आभारी असेल अशी अपेक्षा ठेवू नका. एक मुलगा आमच्याकडे आला तेव्हा त्याला कपाटाचा एक खण रिकामा करून दिला होता. त्याने त्यात काहीही ठेवले नाही, त्याचे कपडे कित्येक महिने पलंगाशेजारच्या पिशवीतच घडी करून असत आणि रोज रात्री तो पिशवीची गाठ तपासूनच आडवा होत असे. आम्ही त्या पिशवीला हात लावला नाही, कपाटाचा विषयही काढला नाही. उशीखाली खाऊ लपवणे, अनोळखी माणसाला मिठी मारणे, क्षुल्लक कारणावरून खोटे बोलणे, रागावल्यावर स्वतःलाच चावणे या गोष्टींमागे बहुतेक वेळा जुनी भीती असते. शिस्त हवीच, पण मारणे, कोंडणे, जेवण बंद करणे या शिक्षा तर सोडाच, त्यांची धमकीसुद्धा देऊ नये. ठराविक वेळी जेवण, ठराविक वेळी झोप आणि उद्या काय होणार आहे हे आज सांगणे यांचा जितका उपयोग होतो तितका लांबलचक उपदेशाचा होत नाही. गरज भासेल तिथे प्रशिक्षित समुपदेशकाकडे जावे. तसे करणे म्हणजे विश्वासात उणे पडणे असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आता मिशनरींच्या दृष्टीने सर्वांत नाजूक विषय. आपल्या घरात प्रार्थना होणार, पवित्र शास्त्राचे वाचन होणार, आणि ते लपवण्याचे काही कारण नाही. पण अन्न, अंथरूण आणि माया यांसाठी जे मूल संपूर्णपणे आपल्यावर अवलंबून आहे, त्याचा होकार हा मोकळा होकार असतोच असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलाच्या विचार, विवेक आणि धर्म यांच्या स्वातंत्र्याचा मान राखण्यास सांगितले आहे, तसेच कुटुंबाबाहेर वाढणाऱ्या मुलाच्या धार्मिक, सांस्कृतिक आणि भाषिक पार्श्वभूमीची दखल घेण्यास सांगितले आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचा इतिहास या संदर्भात प्रत्येक नव्या मिशनरीने वाचावा. विधवा आणि मुलींच्या शिक्षणासाठी १८८९ मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेवर १८९३ मध्ये धर्मांतराचा आरोप झाला, सल्लागार मंडळातील मान्यवरांनी राजीनामे दिले आणि कित्येक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. पुढे दुष्काळात त्याच रमाबाईंनी केडगावला शेकडो मुलींना आसरा दिला. त्यांच्याविषयी मला अतोनात आदर आहे. पालकांचा विश्वास उडाला की त्याची झळ मुलींच्या शिक्षणाला लागते, हे मात्र त्या प्रसंगातून कळते.

आमच्याकडे उपासनेला बसणे ऐच्छिक आहे आणि न बसणाऱ्या मुलाच्या ताटात, कामात किंवा सहलीत काडीचाही फरक पडत नाही. बाप्तिस्म्याचा विषय मूल सज्ञान होऊन स्वतः काढेपर्यंत आम्ही काढत नाही. शिवाय शब्द जपून वापरावे लागतात. ज्या मुलीला वडिलांच्या पावलांचा आवाज ऐकून लपावे लागत होते तिला ‘देव तुझा बाप आहे’ हे वाक्य दिलासा देत नाही. एक मुलगी जेवणाआधीच्या प्रार्थनेत डोळे मिटत नसे. सगळे मोठे लोक डोळे मिटून बसलेले आणि ती एकेकाच्या हातांकडे पाहत असलेली. खोलीत माणसे असताना डोळे मिटणे तिला सुरक्षित वाटत नव्हते. तेव्हापासून आम्ही जेवणाची प्रार्थना डोळे उघडे ठेवून करू लागलो आणि त्यामुळे प्रार्थनेत काही कमी झाले असे मला वाटत नाही.

देणगीदारांना पाठवण्याच्या पत्रांत मुलांची नावे, चेहरे आणि दुःखाच्या कहाण्या घालू नयेत. छायाचित्र पाहून लोक लवकर द्रवतात हे खरे, पण ती कहाणी त्या मुलाची मालमत्ता आहे आणि मोठेपणी ती कुणाला सांगायची हे त्याने ठरवावे. ब्रिस्टलमध्ये १८३६ साली आपल्या भाड्याच्या घरात मुलींसाठी आश्रम सुरू करणाऱ्या जॉर्ज म्युलर यांनी पैशासाठी माणसांपुढे हात न पसरण्याचा नेम पाळला, तरी आलेल्या प्रत्येक रकमेचा हिशेब मात्र प्रसिद्ध केला. त्यांचा नेम सगळ्यांना पेलेल असे नाही. हिशेबाची शिस्त कुणालाही पाळता येते.

स्वतःची मुले असतील तर निर्णय घेण्यापूर्वी त्यांच्याशी बोला, आणि घरी आलेल्या मुलाचे वय शक्यतो तुमच्या सर्वांत धाकट्या मुलापेक्षा कमी असू द्या. आपल्या मुलांना आईवडिलांचा स्वतंत्र वेळ हवा असतो; तो सेवेच्या नावाखाली कापला गेला तर पुढे त्यांच्या मनात सेवेविषयीच अढी बसते.

आणखी एक गोष्ट नवे लोक हमखास विसरतात, ती म्हणजे मिशनरी स्वतःच एक दिवस जाणार असतो. व्हिसा संपतो, आजारपण येते, रजेवर मायदेशी जावे लागते. १८९५ मध्ये भारतात आलेल्या मिशनरी एमी कार्मायकेल १९५१ मध्ये तमिळनाडूतील दोहनावूर येथे निधन होईपर्यंत एकदाही मायदेशी परतल्या नाहीत, पण असे आयुष्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. म्हणून मूल घरात घेण्यापूर्वीच त्याच गावातील, त्याचीच भाषा बोलणारे दुसरे कुटुंब तयार ठेवा, यंत्रणेकडून त्याला मान्यता मिळवा आणि मुलाला त्या घरी येण्याजाण्याची सवय लावा. तुमच्या मातृभाषेपेक्षा मुलाची भाषा घरात अधिक बोलली जावी, कारण आजीशी दोन वाक्ये बोलता न येणारे मूल परत घरी रुळत नाही.

मूल आपल्या माणसांकडे परतते तेव्हा मन जड होते, तरीही या कामाचे बहुतेक वेळा तेच उद्दिष्ट असते. परतणे टप्प्याटप्प्याने व्हावे: आधी भेटी, मग एखादा मुक्काम, मग सुट्टी, आणि शेवटी कायमचे. सोबत त्याची वही द्यावी. आम्ही प्रत्येक मुलासाठी अशी वही ठेवतो; त्यात ते कधी आले, कुणाबरोबर आले, दात कधी पडला, कोणता आजार झाला, कोणत्या लसी दिल्या, शाळेत काय आवडले हे सारे लिहिलेले असते, कारण एरवी त्या वर्षांची आठवण सांगणारे त्याच्याजवळ कुणीच नसते. परतल्यानंतर निदान पहिले वर्षभर ठरलेल्या दिवशी फोन करावा आणि बोलणे मुलाशी तसेच त्याच्या आईशीही व्हावे.