चलनातून बाद झालेली परदेशी नाणी निघाली तर

सैनिकांचं गाव असलेल्या अपशिंग्याच्या फौजी ट्रंकेत किंवा आखातातून परतलेल्याच्या डब्यात परदेशी नाणी हमखास सापडतात. ती घेऊन थेट मनी चेंजरकडे जाऊ नका. साताऱ्यात काय नि सांगलीत काय, ते नोटा घेतात. नाणी, अगदी चालू असली तरी, सहसा घेत नाहीत.

आधी देश आणि साल वाचा. दिसत नसेल तर भिंग घ्या, पण चिंच-राख किंवा पितांबरी लावू नका. घासल्याने वरचा थर जातो आणि संग्राहक भाव पाडून मागतो.

मग बदलून मिळणारी आणि न मिळणारी असे ढीग करा. दुकानात चालत नाही म्हणजे मोल शून्य, असं नसतं. ब्रिटनचं गोल एक पौंडाचं नाणं १५ ऑक्टोबर २०१७ ला बाद झालं, तरी तिथल्या बँका खात्यात जमा करून घेतात. जुने जर्मन मार्क तिथली मध्यवर्ती बँक, बुंडेसबँक, आजही बदलून देते, मुदत नाही. दर ठरलेला, १.९५५८३ मार्कांना एक युरो. उलट इटलीच्या लिराची मुदत ६ डिसेंबर २०११ ला, स्पेनच्या पेसेटाची ३० जून २०२१ ला संपली. अमेरिकी नाणी मात्र कधीच बाद होत नाहीत.

वीस मार्क म्हणजे जेमतेम दहा युरो. तेवढ्यासाठी पार्सल करणं खुळेपणाच. तिकडे जाणाऱ्या भाच्याकडे द्या.

आता धातू बघा, खरी गंमत इथे आहे. चुंबकाला चिकटलं तर चांदी नाही. न चिकटलं तरी खात्री नाही, कारण तांबे-निकेलचं नाणंही चिकटत नाही. साल बघा: ब्रिटिश शिलिंगमध्ये १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदी, १९२० ते १९४६ मध्ये ५० टक्के, १९४७ पासून अजिबात नाही. अमेरिकेच्या दहा आणि पंचवीस सेंटमध्ये १९६४ पर्यंत ९० टक्के. सोन्याचा सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिश सोन्याचं नाणं, २२ कॅरेटचा, ७.९८ ग्रॅमचा, नकली फार, म्हणून सराफाच्या काट्यावर वजन करून घ्या. विट्याचा गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी वितळवणारा, धातूचाच भाव देणार, तेव्हा वितळवण्याआधी नाणेसंग्राहकाला दाखवा.

परदेशी नाणी कितीही बाळगता येतात, कायद्याची मर्यादा नाही. नोटांना आहे: २,००० डॉलरपर्यंत.

आणि 'जुनं नाणं लाखात घेतो, आधी नोंदणी फी भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच अशा फसवणुकीबद्दल सावध केलं आहे.