ऑइल गळतंय? आधी पुठ्ठा घाला

जुनी गाडी रात्री खळ्यात लावली की इंजिनाखाली मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. जांभ्याच्या जमिनीत थेंब जिरून जातो, पुठ्ठ्यावर सकाळी लख्ख दिसतो. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, हिरवं-गुलाबी असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. तपकिरी-काळं, बोटाला बुळबुळीत लागलं तर बहुधा इंजिन ऑइलच.

ऑइल वरून ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं. म्हणून थेंब पडतो ती जागा सोडा, सगळ्यात वरचा ओला भाग शोधा. थंड इंजिन डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) पुसा, गाडी १०-१५ किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्च मारून बघा. पुष्कळदा टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक होऊन चिरलेलं सापडतं. बोल्ट आवळत बसू नका, कव्हर वाकतं, पॅकिंगच बदला. ब्रीदर (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी वाट) चोंदलाय का तेही मेकॅनिकला पाहायला सांगा, नाहीतर आतल्या दाबाने नवं पॅकिंगही गळू लागेल.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ऑइल चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा, पत्रा गंजतो. गाडी लिफ्टवर घेतली की तो नीट बघून घ्या.

आंबा घाट चढण्याआधी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहाच. जळक्या ऑइलचा वास आला तर ते तापलेल्या एक्झॉस्टवर (धुराच्या नळीवर) पडत असणार, आग लागू शकते. तिथेच थांबा.