नागपुरात पूर्वजांची कबर किंवा समाधी शोधताना : कोणते दफ्तर कोठे पाहावे

पूर्वजाच्या दफनाची जागा शोधायला निघालेली बहुतेक माणसे आधी महापालिकेतून मृत्यूचा दाखला मिळवतात आणि तो हाती आला की आता जागा सापडलीच, असे धरून चालतात. दाखला मात्र माणूस केव्हा आणि कोठे गेला एवढेच सांगतो. त्याला कोणत्या जमिनीत ठेवले याची वही दुसऱ्याच कोणाच्या तरी ताब्यात असते. म्हणून हा शोध दोन बाजूंनी चालवावा लागतो. एक बाजू माणसाची आणि दुसरी जमिनीची. नागपुरात जमिनीची बाजू अधिक मोलाची ठरते, कारण या शहराने आजूबाजूचे कितीतरी मौजे, म्हणजे महसुली गावे, पोटात घेतले आहेत, आणि त्यांच्या दफनभूमी कधी मालगुजाराच्या (गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदाराच्या), कधी लष्करी छावणीच्या, कधी चर्चच्या, तर कधी वक्फाच्या (मुसलमानांच्या धर्मादाय मालमत्तेच्या) ताब्यात राहिलेल्या आहेत. ती जमीन त्या काळी कोणाकडे होती हे कळले, तर वही कोणाकडे मागायची हे आपोआप ठरते.

सुरुवात घरातूनच करावी. वडीलधाऱ्यांना तारीख विचारली तर सहसा सांगता येत नाही, पण सण विचारला तर लगेच सांगतात. “तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गेले” एवढे जरी कळले, तरी तिथी भाद्रपद शुद्ध प्रतिपदा ठरते आणि जुन्या पंचांगावरून त्या त्या वर्षाची इंग्रजी तारीख काढता येते. पितृपक्षात ज्या तिथीला पान ठेवतात ती तिथी खात्रीची असते. मात्र तिच्यावरून महिना आणि पक्ष कळत नाही, ते वेगळे विचारावे लागते. शके दिले असेल तर त्यात ७८ मिळवावेत, आणि मृत्यू जानेवारी ते मार्चमधला असेल तर बहुधा ७९. मुसलमान घरांत बरसी हिजरी तारखेने पाळतात आणि हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असते, त्यामुळे “बरसी थंडीत असायची” अशी आठवण कोणत्या दशकाची आहे हे विचारल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. ख्रिस्ती घरांत कौटुंबिक बायबलची कोरी पाने आवर्जून पाहावीत. पेन्शनचे कागद, विम्याची पावती आणि शेती असेल तर वारसाचा फेरफार यांतही मृत्यूची तारीख येते. फेरफाराची नोंदवही म्हणजे गाव नमुना ६ आणि वारसांची ६-क. ज्यांना दुसरा कोणताच धागा मिळत नाही, त्यांनी ही दोन दफ्तरे पटवाऱ्याकडे किंवा तहसिलीत आधी पाहावीत.

मृत्यू शहरात झाला असेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागाकडे जावे. नागपूरची नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली आणि १९५१ मध्ये तिची महापालिका झाली. जन्म आणि मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा असून तो महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. त्याआधीच्या नोंदी असमान आहेत, तरी त्या नसतीलच असे गृहीत धरू नये. या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणालाही शुल्क भरून नोंदवहीत शोध घ्यायला लावता येतो आणि उतारा मागता येतो. फक्त मृत्यूचे कारण त्या उताऱ्यात दिले जात नाही. अर्जात एकच वर्ष लिहिले तर तेवढेच वर्ष पाहिले जाते आणि नोंद नाही म्हणून अनुपलब्धतेचे प्रमाणपत्र हातात पडते. त्यामुळे मागची दोन आणि पुढची दोन वर्षे अर्जात स्पष्ट लिहावीत. नाव घरात घेत तसे आणि कागदोपत्री असेल तसे, अशा दोन्ही रूपांत द्यावे.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, कारण तिच्यामुळे कितीतरी शोध भलत्याच दिशेला जातात. नोंद मृत्यू जेथे झाला तेथे होते, राहत्या गावी नव्हे. काटोल, उमरेड, सावनेर किंवा रामटेककडचा माणूस नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयात वारला असेल तर नोंद नागपूरची असते आणि माती मात्र गावाकडची. उलट, सोमलवाडा, जयताळा, नारी यांसारखी आज शहरात मोडणारी नावे एके काळी स्वतंत्र मौजांची होती. त्या काळातला मृत्यू पालिकेच्या वहीत न सापडता गावाच्या दफ्तरात सापडतो.

गावाचे ते दफ्तर म्हणजे कोतवाल बुक. जात पडताळणीमुळे विदर्भातल्या घराघरांत हा शब्द माहीत झाला आहे, पण पूर्वजांच्या शोधासाठी त्याचा जितका उपयोग करता येतो तितका कोणी करत नाही. गावातले जन्म आणि मृत्यू कोतवाल, म्हणजे गावचा सरकारी नोकर, कळवत असे आणि त्यांची वही आता साधारणपणे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते. एखादे पान समोर आले की घाई करू नये. एका ओळीत तारीख, मृताचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, जात, वय आणि आजार अशी माहिती दाटीवाटीने भरलेली असते, शाई पसरलेली असते आणि पानाची कड अनेकदा झडलेली असते. बाईचे नाव न लिहिता तिला अमक्याची बायको म्हटलेले असते, तान्ह्या बाळाच्या जागी नुसते “मुलगा” किंवा “मुलगी” असते. म्हणून आजीचा किंवा पणजीचा शोध घेताना तिच्या नवऱ्याच्या नावाने पाने वाचावीत. आजाराच्या रकान्यात ताप, हगवण, देवी असे शब्द येतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मध्य प्रांत आणि वऱ्हाडात फार मोठी मनुष्यहानी झाली. त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांची पाने पाहताना एकाच घरातली दोन-तीन नावे लागोपाठ येण्याची शक्यता गृहीत धरावी आणि पहिले नाव सापडले म्हणून थांबू नये. दफनाची जागा या वहीत सहसा नसते. पण मौजा निश्चित होतो, आणि पुढच्या कामाला तोच लागतो.

मौजा कळल्यावर जमिनीची बाजू सुरू होते. विदर्भाच्या महसुली दफ्तरात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढी-हक्कांची नोंद) असे दोन कागद असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही त्यांना स्थान आहे. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, पण गावकऱ्यांनी कोणती जमीन कशासाठी वापरायची ही वहिवाट निस्तार पत्रकात लिहिलेली राहिली. गुरांचे चराऊ रान, खळवाडी आणि त्यांच्याच ओळीत स्मशान, दफनभूमी, कबरस्तान यांचे खसरा क्रमांक, म्हणजे जमिनीच्या तुकड्यांचे क्रमांक, तेथे मिळतात. एकाच गावात दोन-तीन समाजांच्या वेगवेगळ्या जागा असल्या तर त्याही वेगळ्या दिसतात. खसरा मिळाला की बंदोबस्ताचा (जुन्या जमीन-आकारणीचा) नकाशा, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि आजचा सात-बारा शेजारी ठेवून वाचावेत; शहरात गेलेल्या जागेसाठी भूमी अभिलेख कार्यालयातून आखीव पत्रिका (शहरी जागेचा मिळकत उतारा) काढावी आणि जागा नझूलची (सरकारी मालकीची) आहे का तेही विचारावे. शहराची आखणी करणाऱ्या नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा १९३६ चा आहे, त्यामुळे त्यानंतर आखलेल्या ले-आउटच्या भागात जुनी दफनभूमी नकाशावर आहे आणि जमिनीवर नाही, असेही घडू शकते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांवर दफनभूमीची खूण असते. नागपूरचा भाग ५५ ओ या पत्रकात येतो.

यानंतरचा रस्ता समाजागणिक बदलतो. ख्रिस्ती दफनाचा शोध सर्वांत सोपा असतो, कारण चर्चची दफन नोंदवही मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, वय, व्यवसाय, विधी करणाऱ्या पाद्र्याचे नाव आणि पुष्कळदा दफनभूमीचेही नाव देते. फक्त पूर्वज कोणत्या पंथाचे होते हे आधी कळले पाहिजे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन अशा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र आल्या. त्यामुळे आजच्या चर्चच्या नावावरून जुनी वही कोठे गेली हे कळत नाही. सदरचे ऑल सेंट्स कॅथेड्रल मूळ अँग्लिकन, मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून सुरू झालेले मिशन स्कॉटिश, आणि सेंट फ्रान्सिस द सेल्स कॅथेड्रल कॅथलिक. कॅथलिक वह्या जुन्या काळी लॅटिनमध्ये लिहीत, म्हणून नावे बदललेल्या रूपात दिसतील. जरीपटक्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत जाण्याआधी पॅरिशच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि भेटीची वेळ ठरवून घ्यावी. या वह्या सार्वजनिक दफ्तर नाहीत. त्या दाखवणे ही फादरांची आणि पाळकांची मेहेरबानी आहे, असे समजूनच बोलावे.

नागपूरजवळच्या कामठीची गोष्ट वेगळी आहे. ही छावणी १८२१ ची, आणि तेथे मद्रास फौजेच्या पलटणी असत. परिणामी कामठीत पुरलेल्या युरोपीय सैनिकांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या दफनाच्या नकला मद्रासकडे जाऊन लंडनला पोहोचल्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दफ्तरात एन/२ या मालिकेत आहेत. एन/१ बंगालची आणि एन/३ मुंबईची. फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर त्यांचा मोठा भाग पाहता येतो, फॅमिलीसर्चवर काही सूची विनामूल्य आहेत. अँग्लो-इंडियन रेल्वे कुटुंबांनी मुंबई आणि बंगाल या दोन्ही मालिका तपासाव्यात, कारण ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि बंगाल नागपूर या दोन्ही रेल्वे येथे येऊन मिळत. शिलालेखांसाठी ओ. एस. क्रॉफ्टन यांनी १९३२ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील थडग्यांवरील लेखांची जी यादी प्रसिद्ध केली तिला पर्याय नाही. आज पुसून गेलेले लेख तिच्यात वाचता येतात. पहिल्या महायुद्धातल्या ज्या सैनिकांच्या कबरी नागरी आणि छावणीच्या दफनभूमीत राखणे शक्य झाले नाही, अशा अनेकांची नावे पुण्याजवळ खडकीच्या स्मारकावर आहेत. तेथे नाव दिसले म्हणजे देह खडकीला आहे असा अर्थ मुळीच नाही.

मुसलमान कुटुंबांनी आधी कबरस्तान कमिटीकडे किंवा मुतवल्लीकडे (वक्फाच्या व्यवस्थापकाकडे) जावे. मोमिनपुऱ्यासारख्या मोठ्या कबरस्तानात दफनाची वही किंवा पावतीपुस्तक ठेवलेले असते, पण जुन्या कच्च्या कबरीची जागा कागदापेक्षा गोरकनांच्या (कबर खोदणाऱ्यांच्या) घराण्याला आणि शेजारी आपल्या माणसांची कबर असलेल्या कुटुंबांना अधिक नेमकी माहीत असते. जागा वक्फाची असेल तर वक्फ मंडळाच्या राजपत्रित यादीत, आणि न्यासाची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या नोंदणीत जुन्या विश्वस्तांची नावे मिळतात. जुन्या विश्वस्तांच्या घरी जुनी वही राहून गेलेली असण्याचा संभव मोठा असतो. ती विचारायला संकोच करू नये.

हिंदू म्हटले की दहन, ही समजूत येथे अडचण करते. लिंगायत, गोसावी आणि महानुभाव यांच्यात दफनाची परंपरा आहे, गोंड समाजात आहे, इतरही अनेक समाजांत होती, आणि लहान मुलांना तर बहुतेक सर्वच पुरत आले आहेत. अशा दफनाची लेखी नोंद क्वचितच सापडते. तेथे मठाची वही, समाजाच्या पंचांची आठवण आणि निस्तार पत्रकातली जागा यांवरच काम भागवावे लागते. बौद्ध कुटुंबांनी १४ ऑक्टोबर १९५६ पूर्वीच्या नोंदी शोधताना त्या वेळच्या जातीच्या रकान्याप्रमाणे वाचन करावे; पुढच्या नोंदीत तोच परिवार बौद्ध म्हणून येतो, आणि दोन वेगळी घराणी आहेत असा गैरसमज होऊ शकतो.

सरकारी दफ्तर मिळत नसेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ वापरावा. जोडपत्र ‘अ’ मध्ये अर्ज लिहून त्यावर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे; उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. “माझ्या पणजोबांची कबर कोठे आहे” असा प्रश्न विचारला तर माहिती उपलब्ध नाही असे उत्तर येते. त्याऐवजी अमुक मौजाचे, अमुक वर्षांचे कोतवाल बुक आणि निस्तार पत्रक पाहू द्यावे, अशी दफ्तर निरीक्षणाची मागणी करावी. दफनभूमी चालवणाऱ्याने मृत्यूची सूचना निबंधकाला देणे १९६९ च्या कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे १९७० नंतरच्या दफनासाठी महापालिकेकडे त्या सूचनांचीही मागणी करता येते.

प्रत्यक्ष जागेवर हिवाळ्यात जावे. पावसाळ्यानंतर वाढलेले गवत तोपर्यंत वाळलेले असते आणि सकाळचे तिरपे ऊन दगडावर आडवे पडते. झिजलेली अक्षरे त्या उन्हात जितकी स्पष्ट दिसतात तितकी दुपारी दिसत नाहीत. दगड उन्हाच्या विरुद्ध बाजूला असेल तर आरशाने प्रकाश टाकावा. नुसते पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. खडू, तारेचा ब्रश किंवा ॲसिड दगडाला लावू नये, कारण वाळूचा दगड एकदा पापुद्र्यांनी सुटू लागला की लेख कायमचा जातो. लेखाबरोबर शेजारच्या चार कबरींचेही फोटो घ्यावेत, फाटकापासूनचे अंतर आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवावेत.

जागा सापडली पण तेथे दुसऱ्याच नावाचा दगड असला, तर भांडायला उठू नये. ठरावीक वर्षांनंतर तीच जागा पुन्हा वापरण्याची रीत अनेक दफनभूमींत आहे आणि एकाच कबरीत त्याच घराण्यातल्या दोघांना ठेवण्याचीही आहे. अशा वेळी नोंदवहीतल्या दोन्ही नोंदींच्या नकला मागून घ्याव्यात. डागडुजी करायची असेल किंवा नावाचा नवा दगड बसवायचा असेल, तर कमिटी, चर्च किंवा छावणी परिषद यांपैकी ज्यांच्याकडे जागा आहे त्यांची लेखी परवानगी घ्यावी, आणि आपण जमवलेल्या नोंदींची एक प्रत त्यांच्याच दफ्तरात ठेवायला द्यावी.