बदलीचा हुकूम आला: बंदूक नव्या राज्यात नेण्याआधी काय करायचं

माझा नवरा अमेरिकेच्या लष्करात आहे. टेक्सासहून हवाईला बदलीचा हुकूम आला, तेव्हा मी आधी मुलीच्या शाळेचा विचार केला, मग गाडीचा, मग कुंडीतल्या कढीपत्त्याचा. कपाटातली दोन पिस्तुलं आणि एक रायफल तिसऱ्या आठवड्यात आठवली. खरं तर ती पहिल्याच दिवशी आठवायला हवी होती. टेक्सासमध्ये त्यांची कुठे नोंद करावी लागत नव्हती. हवाईत पोहोचल्यावर मात्र पाच दिवसांत काउंटी (जिल्हा) पोलिसांकडे नोंदणी करणं सक्तीचं आहे. आता मराठी घरांतली मुलंही सैन्यात जाताहेत, म्हणून आम्ही ज्या क्रमाने हे सगळं केलं तो सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. वर्दी असली म्हणून घरातल्या बंदुकीला सूट मिळत नाही. सरकारी शस्त्राचे नियम वेगळे आणि स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या पिस्तुलाचे वेगळे. घरच्या पिस्तुलाला ते ज्या राज्याच्या जमिनीवर असेल त्या राज्याचा कायदा लागू होतो.

आधी यादी करा

आम्ही जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, प्रत्येक शस्त्र रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आणि वही उघडली. कंपनी, मॉडेल, कॅलिबर, नळीची लांबी, सीरियल नंबर. नंबर फार बारीक कोरलेला असतो. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की नीट वाचता येतो. एकाने वाचावा आणि दुसऱ्याने लिहावा, कारण एक आकडा चुकला तरी पुढचे सगळे कागद अडतात. मॅगझिनही, म्हणजे गोळ्या भरून बंदुकीत बसवायच्या डब्याही, मोजा. आमच्या पिस्तुलांची मॅगझिन 15 आणि 17 गोळ्यांची होती. हवाईत पिस्तुलाला बसणाऱ्या, 10 पेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनना बंदी आहे. ती आम्ही टेक्सासमध्येच विकून टाकली. ही यादी केली नसती तर ती मॅगझिन सामानात तशीच गेली असती.

सायलेन्सर किंवा 16 इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल असेल तर जास्त काळजी घ्या. आखूड रायफल राज्याबाहेर न्यायला एटीएफ या केंद्रीय खात्याची लेखी परवानगी आधीच लागते. सायलेन्सरला ती लागत नाही, पण नव्या राज्यात सायलेन्सर चालतो का ते पाहावंच लागतं. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि हवाईत तो सामान्य नागरिकाला ठेवता येत नाही.

तुम्ही रहिवासी कुठले?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. 1968 च्या केंद्रीय कायद्यानुसार, सक्रिय सेवेतल्या माणसाची कायमची नेमणूक ज्या राज्यात, त्या राज्याचाही तो रहिवासी धरला जातो. त्यामुळे ड्रायव्हिंग लायसन्स मूळ राज्याचं असलं, तरी लष्करी ओळखपत्र आणि बदलीच्या हुकुमाची प्रत दाखवून नेमणुकीच्या राज्यात पिस्तूल विकत घेता येतं. पण ही सोय खरेदीपुरतीच आहे. राज्याची स्वतःची व्याख्या वेगळी असू शकते. कॅलिफोर्नियात नव्याने राहायला येणाऱ्याला 60 दिवसांत शस्त्रांची माहिती राज्याच्या न्याय खात्याला कळवावी लागते. लष्करी माणूस मात्र तिथे सेवामुक्त झाला की मगच या कामापुरता रहिवासी ठरतो. पण पिस्तूल बायकोच्या नावावर असेल तर? ती सैन्यात नाही, तेव्हा ही सवलत तिलाही आहे असं धरून चालू नका. कोणतं शस्त्र कोणाच्या नावावर आहे, तेही यादीत लिहा.

नव्या राज्याचा कायदा वाचताना

चार गोष्टी शोधा: नुसतं घरात ठेवायला परवाना लागतो का, नोंदणीची मुदत किती, कशाकशाला बंदी आहे आणि घरात कुलूप सक्तीचं आहे का. न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल घरात ठेवायलाही परवाना लागतो, आणि हा नियम 1911 पासूनचा आहे. इलिनॉयमध्ये बंदूक ठेवायला खास ओळखपत्र काढावं लागतं. मेरीलँडमध्ये नव्या रहिवाशाला पिस्तूल नोंदवायला 90 दिवस मिळतात. मॅसॅच्युसेट्समध्ये बंदूक कुलपातच ठेवावी लागते.

कमरेला लावून फिरण्याचा परवाना हा निराळा विषय आहे. जुन्या राज्याचा परवाना नवीन राज्य मानेलच असं नाही. या विषयावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 23 जून 2022 च्या निकालानंतर अनेक राज्यांचे नियम बदलले, काही अजून कोर्टात अडकले आहेत. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी तिथे राहून आलेल्या मित्राचं ऐकून निर्णय घेऊ नका. राज्य पोलिसांच्या किंवा ॲटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर वाचा आणि मग बेसवरच्या (लष्करी तळावरच्या) कायदा सहाय्य कार्यालयात जा. तिथला वकील सैनिकाला आणि त्याच्या कुटुंबाला फुकट सल्ला देतो. आम्हाला एका दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘मिलिटरीला सगळं चालतं.’ ते साफ चूक निघालं.

मधली राज्यं विसरू नका

गाडीने जाणार असाल तर मधल्या राज्यांत 1986 च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे, पण त्याला अटी आहेत. शस्त्र बाळगणं निघताना आणि पोहोचल्यावर, दोन्ही ठिकाणी कायदेशीर असलं पाहिजे. बंदूक रिकामी हवी. बंदूक आणि काडतुसं हाताशी नकोत, डिकीत हवीत. डिकी वेगळी नसेल तर कुलूपबंद पेटीत ठेवा. ग्लोव्ह बॉक्स चालत नाही.

विमानात रिकामी बंदूक कडक, कुलूपबंद पेटीत घालून काउंटरवर सांगून चेक-इन करायची असते. इथे यूटाच्या एका गृहस्थांचं प्रकरण लक्षात ठेवा. 2005 मध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर त्यांचं पुढचं विमान चुकलं. बंदुकीची बॅग ताब्यात घेऊन ते रात्री हॉटेलात राहिले. दुसऱ्या दिवशी विमानतळावर बंदूक असल्याचं सांगताच त्यांना अटक झाली. त्यांच्यावरचे आरोप पुढे मागे घेतले गेले, पण 2010 मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की रात्रभर बंदूक हाताशी होती, म्हणून 1986 च्या कायद्याचं संरक्षण त्यांना मिळत नाही. तेव्हा न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीत विमान चुकलं, तर ती बॅग हातात घेऊ नका. एअरलाइनला ती ठेवून घ्यायची विनंती करा.

सामान ट्रकने किंवा जहाजाने जाणार असेल तर बंदूक घरसामानात पाठवता येते, काडतुसं नाही. सामानाच्या यादीत सीरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. हवाईची पाच दिवसांची मुदत तुम्ही आणि बंदूक यांपैकी जे उशिरा पोहोचेल तिथून मोजतात. आमचं सामान उशिरा आलं, तेव्हा हे माहीत असल्यामुळे जिवाला घोर लागला नाही.

बेस आणि घरची माणसं

बेसवर राहणार असाल तर तिथली नोंदणी वेगळी असते. राज्यात केलेली तिथे चालत नाही. बॅरेकच्या खोलीत खासगी शस्त्र ठेवता येत नाही, ते युनिटच्या शस्त्रागारात जमा करावं लागतं.

आता आपल्या घरांतला खास मुद्दा. भारतातून आलेले आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर असतात, भाचा विद्यार्थ्यांच्या एफ-1 वर, दीर नोकरीच्या एच-1बी वर. अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस ताब्यात घेणं, वैध शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर केंद्रीय गुन्हा आहे. नेमबाजीच्या रेंजवर फोटोपुरती हातात घेतली तरी त्याचा व्हिसा धोक्यात येऊ शकतो. हौसेने कोणाच्या हातात देऊ नका आणि तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे ठेवू नका. ग्रीन कार्डवाल्याला ही बंदी नाही.

जे शस्त्र नव्या राज्यात चालत नाही, ते निघण्याआधी परवानाधारक दुकानदारामार्फत विका. दुसऱ्या राज्यातल्या मित्राला परस्पर देऊन टाकणं हाही केंद्रीय गुन्हा आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री मी तीन फोल्डर केले: हुकुमाच्या प्रती, शस्त्रांची यादी, खरेदीच्या पावत्या. तिन्ही माझ्या हँडबॅगेत ठेवले, बंदुकीच्या पेटीत नाही. पेटी हरवली तर सीरियल नंबर आपल्या हाताशी असायला हवा.